ताटलीतलं औषध

बैलगाडा शर्यतीच्या घाटावर ज्याच्या हाती माईक असतो, त्यानं खरंच बोलावं अशी अपेक्षा मावळात कुणी ठेवत नाही, आणि ठेवूही नये. वडिवळ्याच्या उरसात हा माईक गेली कित्येक वर्षं केरबाकडे आहे. धावताना मध्येच अडखळून उभ्या राहिलेल्या बैलालाही तो ‘मावळचा वाघ’ म्हणतो, आणि बैलाचा मालकही गुलालानं माखलेली छाती पुढे काढून फोटोला उभा राहतो. अशा माणसानं दोन गाडे सुटण्याच्या मधल्या वेळात आपल्याला स्टेजवर बोलावलं, तर पुढे काय होईल याचा अंदाज स्नेहलला यायला हवा होता. केरबा तिचा चुलत भाऊ, लहानपणापासून ओळखीचा. पण एवढ्या शिकलेल्या बाईला तो अंदाज आला नाही, हे खरं.

“मंडळी, बैलं जरा धरून ठेवा,” केरबा म्हणाला. “ज्या रोगाचं नाव काढलं की भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळतं, त्या कॅन्सरला जिनं आस्मान दाखवलं, ती आपल्या अंबाजीआबांची लेक, डॉक्टर स्नेहल, आज आपल्या घाटावर उभी हाय. कॅन्सरचं औषध अमेरिकेत निघालं न्हाई, जपानात निघालं न्हाई. ते काढलं आपल्या वडिवळ्याच्या पोरीनं!”

शिट्ट्यांनी घाट दणाणला. स्नेहलच्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला गेला, खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. तिला हे आवडलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. फार आवडलं. लहानपणी याच माळावर ती उन्हात बसून बैल बघायची, तेव्हा फेटे फक्त बाप्यांच्या डोक्यावर दिसत. समोर तिचे वडील अंबाजी ओठ घट्ट मिटून उभे होते. रडू फुटू नये म्हणून ते असेच उभे राहतात. तरीही माईक हातात आल्यावर तिनं आधी करायचं ते काम केलं.

“मी औषध शोधलेलं नाही,” ती म्हणाली.

टाळ्या पडल्या.

“खरंच सांगते. आमचं काम अजून फक्त उंदरांवर झालंय. माणसाला त्याचा उपयोग होईल की नाही, हे कुणालाच माहीत नाही.”

टाळ्या वाढल्या. सत्काराला उभ्या राहिलेल्या माणसानं ‘मी काहीच केलं नाही’ म्हणायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. सरपंच म्हणतात, आमदार म्हणतात, दहावीत पहिला आलेला पोरगाही म्हणतो. जो जितक्या जोरात नाही म्हणेल, तितका तो थोर. स्नेहल तिसऱ्यांदा नाही म्हणाली तेव्हा तर पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी उपरण्यानं डोळे टिपले. “बघा मंडळी,” केरबा माईक परत घेत म्हणाला, “एवढी शिकली, पर पाय जमिनीवर.” मग बैलांपुढं पळणारी घोडी सुटली, तिच्यामागं गाडा सुटला, धुळीचा लोट उठला आणि खरं काय ते लोकांच्या कानापर्यंत पोचायचं राहूनच गेलं.

खरं काय ते असं होतं. अंगात कॅन्सरची गाठ झाली की पुष्कळदा ती हाताला लागते, कारण ती आजूबाजूच्या मांसापेक्षा टणक असते. डॉक्टरही आधी बोटांनी चाचपूनच बघतात. बाकीचे संशोधक गाठीतली रसायनं तपासत होते, तेव्हा स्नेहलच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळत होता. जे बोटाला कळतं, ते तिथं लढायला गेलेल्या पेशीला कळत नसेल का? आपल्या रक्तात रोगाशी झुंजणाऱ्या पेशी असतात. त्या गाठीत शिरतात, पण शिरल्यावर मारामारी करायची सोडून ढिम्म बसून राहतात. स्नेहलचं म्हणणं असं, की इतर कारणं असतील ती असोत, पण त्या कडकपणानंही त्यांचा जीव मेटाकुटीला येत असणार. पुण्यात हे म्हणणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. परदेशातल्या तिच्या गाईडनं ते हसून सोडून दिलं, आणि मग हिचा हट्ट बघून हिला एक टेबल आणि एक सूक्ष्मदर्शक देऊन टाकला. पुढे वर्षानुवर्षं तिनं मऊ आणि कडक जेली बनवली, तिच्यात पेशी सोडल्या आणि बघत बसली. तिच्याबरोबरच्या मैत्रिणींची मुलं शाळेत गेली, कॉलेजात गेली, ही जेली ढवळतेच आहे. शेवटी तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा संस्थेत तिला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली. तिथं तिला आणि तिच्या सहकाऱ्यांना असं एक रसायन सापडलं, की ते दिल्यावर पेशींना तो कडकपणा फारसा जाणवत नाही आणि त्यातल्या काही पुन्हा कामाला लागतात. प्लास्टिकच्या छोट्या ताटलीत लागतात, आणि काही उंदरांच्या अंगात लागतात. बातमी पेपरात आली, पेपर वडिवळ्यात आला, आणि पुढचं सगळं केरबानं केलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर हसून सोडता आलं असतं. पण त्या संध्याकाळी अंबाजींच्या घरी उरसाची पंगत बसली होती, आणि पंगतीत कस्तुराबाई होती.

कस्तुराबाई म्हणजे अंबाजींची थोरली बहीण, स्नेहलची आत्या. तिला भाजे गावात दिली होती. नवरा लवकर गेला, तेव्हा तिनं लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर चहा-भज्यांची टपरी टाकली आणि शनिवार-रविवारच्या पर्यटकांवर संसार ओढला. स्नेहल लोणावळ्याच्या कॉलेजात होती तेव्हा आत्याकडेच राहायची, कारण भाज्याजवळच्या मळवलीहून लोणावळा म्हणजे एकच स्टेशन. रात्री कपबशा विसळताना आत्या तिला जीवशास्त्र मोठ्यानं वाचायला लावायची. त्यातलं तिला ओ की ठो कळत नसे, पण वाचणं थांबलं की पोरगी झोपली हे कळायचं. अशा या आत्याच्या छातीत गेल्या दिवाळीनंतर गाठ निघाली. तळेगावच्या दवाखान्यात दर तीन आठवड्यांनी केमोची सुई चालू झाली, डोक्यावरचे केस गेले, पण गाठ लहान होत चालली होती. डॉक्टर खूश होते. अजून दोन सुया बाकी होत्या, त्यातली एक येत्या सोमवारी.

“सोमवारची सुई काय मी घेत न्हाई,” आत्या पोळी दुधात कुस्करत म्हणाली. उद्या टपरी बंद ठेवायची असं सांगावं, इतक्या सहज म्हणाली. “घरचं औषध असताना बाहेरचं कशाला?”

स्नेहलचा घास हातातच राहिला. “आत्या, औषध नाहीये. मी स्टेजवर सांगितलं ना.”

“सांगितलंस की. लय चांगलं बोललीस.”

“अगं, ते खरं होतं.”

“व्हय, व्हय. चारचौघांत तसंच बोलावं लागतं. पर हितं समदी आपलीच माणसं हायेत. हितं कशापायी लाजतीस?”

स्नेहलनं पहिल्यापासून समजावलं. पेशी सांगितली, जेली सांगितली, उंदीर सांगितले. आत्यानं सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “उंदीर बरा झाला ना? मग मी काय उंदरापरीस वाईट?” पंगतीत हशा पिकला. आबांनी तरी काही बोलावं म्हणून तिनं त्यांच्याकडं बघितलं, तर ते म्हणाले, “ती थोरली हाय. तिला सांगणारा मी कोण?” आणि त्यांच्या डोळ्यांत तिला दिसलं, की त्यांनाही केरबाचंच खरं व्हायला हवं होतं.

मग तिचा तोल गेला. “सुई चुकवलीस तर गाठ परत वाढेल आत्या,” ती ओरडलीच. “मरशील तू.”

 आत्या शांतपणे उठली आणि चूळ भरून आली. “डॉक्टर म्हून वरडतीस व्हय?” ती म्हणाली. “आन सकाळी तर समद्यांम्होरं म्हणत व्हतीस, मी काय बी केलं न्हाई.” एवढं बोलून ती आतल्या खोलीत जाऊन तोंडावर पदर ओढून पडली.

स्नेहलला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. प्रयोग फसले तेव्हा वाटली नव्हती, परक्या देशात एकटी उतरली तेव्हा नव्हती. ज्या कामापायी तिनं सगळं तारुण्य घालवलं, त्याच कामाचं नाव घेऊन आत्या मरणाकडं चालली होती, आणि ही तिला जितकी अडवत होती तितकी ती हसत पुढं जात होती. सांगून काही भागणार नाही, एवढं तिला कळलं. सांगणं हे त्या घरात आता सत्काराचं भाषण झालं होतं.

रविवारी सकाळी ती केरबाच्या दारात गेली. “गाडी काढ,” म्हणाली.

“मी काय वाईट बोललो ताई?” केरबा दात घासता घासता म्हणाला. “चांगलंच बोललो ना?”

“गाडी काढ आधी.”

आत्याला फार आग्रह करावा लागला नाही. भाचीनं आपलं औषध दाखवायला बोलावलंय म्हटल्यावर तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं, डोक्याला स्वच्छ रुमाल घट्ट बांधला आणि पुढच्या सीटवर बसली. कामशेत सोडून गाडी तळेगावच्या रस्त्याला लागली तेव्हा तर ती केरबाला खुणेनं हॉर्न वाजवायला लावत होती.

प्रयोगशाळेत चपला बाहेर काढाव्या लागल्या, अंगावर पांढरे झगे चढवावे लागले आणि डोक्याला कागदी टोप्या घालाव्या लागल्या. आत्यानं टोपीतल्या केरबाकडं बघितलं, टोपीतल्या स्नेहलकडं बघितलं आणि खुदकन हसली. “हितं बरं हाय. हितं समद्यांचीच डोकी झाकल्याली.”

स्नेहलनं तिच्यापुढं जेलीच्या दोन वड्या ठेवल्या आणि बोटानं दाबून बघायला सांगितलं. पहिली वडी थरथरली. “खरवसावानी लागती,” आत्या म्हणाली. दुसरी दाबली तर बोट आतच जाईना.

“ही गाठीइतकी कडक केलीय,” स्नेहल म्हणाली.

आत्यानं ती वडी पुन्हा दाबली, पुन्हा दाबली. मग तिचा हात नकळत स्वतःच्या छातीकडं गेला आणि अर्ध्यातून मागं आला. 

मग स्नेहलनं पडदा चालू केला. कॅमेऱ्यानं रात्रभर टिपलेलं सगळं ती भराभर पळवून दाखवत होती. आधी मऊ जेली. करड्या रंगाची एक मोठी ओबडधोबड पेशी मध्ये बसलेली, ती कॅन्सरची. आणि कडेनं रक्तातली एक छोटी लढाऊ पेशी नाक खुपसत, वाट शोधत सरकत येत होती.

“आली, आली,” केरबाला राहवेना. “कडंनं आली, मंडळी, डाव्या अंगानं आली...”

“गप रं,” आत्या म्हणाली, पण तीही खुर्चीच्या टोकाला येऊन बसली होती. छोटी पेशी मोठीला चिकटली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग मोठी पेशी आक्रसली, तिच्यावर फोड आले आणि ती फुटली. आत्यानं दोन्ही हात एकमेकांवर आपटले. “मेली की गं. एवढीशी ती, आन कशी लोळवली तिला.” तिनं तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा लावायला सांगितला. स्नेहललाही हसू आवरेना. हे दृश्य तिनं पहिल्यांदा बघितलं होतं तेव्हा तीही अशीच टेबलावर हात आपटत सुटली होती.

दुसरी ताटली कडक जेलीची. छोटी पेशी कॅन्सरच्या पेशीपर्यंत पोचली होती, अगदी अंगाला अंग लावून होती, आणि नुसती बसून होती. चित्रं पुढं सरकत राहिली तरी ती हलेना.

“ही का बसली?” आत्यानं विचारलं.

“दमलीय.”

“मेली?”

“नाही. जिवंत आहे. नुसती दमलीय.”

आत्या बराच वेळ त्या पेशीकडं बघत राहिली. स्नेहलनं तिसरी ताटली लावली. जेली तशीच कडक, पण हिच्यात ते नवं रसायन घातलेलं. बसलेल्या पेशींतल्या काही हलू लागल्या. काही तशाच राहिल्या.

“समद्या न्हाई उठल्या,” आत्या म्हणाली.

“नाही. निम्म्यासुद्धा नाही.”

“आन हेच तुझं औषध?”

“हेच. या ताटलीतलं.”

“ताटलीच्या भाईर?”

“थोडं उंदरांत. त्याच्या बाहेर अजून कुठंच नाही, आत्या. माणसापर्यंत यायला दहा वर्षं लागतील, जास्तही लागतील. कदाचित येणारच नाही.”

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. केरबानं डोक्यावरची कागदी टोपी काढली, उगाच घडी घातली आणि पुन्हा डोक्यावर चढवली. “मग मी काल घाटावर काय बोललो?” तो पुटपुटला. 

“लय बारकं हाय गं अजून,” आत्या शेवटी म्हणाली. मग खुर्चीवर नीट मागं सरकून बसली आणि हात मांडीवर घेऊन बोलू लागली. “केरबाचं बोलणं मला कळत न्हाई व्हय? लंगड्या बैलाला त्यो वाघ म्हणतो. जलमापासनं ऐकतेय त्याचं. पर मला ते खरं मानायचं व्हतं. लय कंटाळलेय मी, स्नेहल. तोंड समदं सोलल्यालं. भाकर मातीवानी लागती. सुई झाली की आठ-आठ दिस हातरुणातनं उठवत न्हाई. आन जो त्यो यिऊन म्हणतो, कस्तुराबाई वाघीण हाय. वाघिणीला दमले म्हणायची सोय न्हाई.”

स्नेहल तिच्यापुढं फरशीवर बसली. “हे डॉक्टरांना सांगितलंस?”

“त्यांनी इचारलं, कशा आहात? म्या म्हणलं, बरी हाय.”

“दर वेळी?”

“मग काय म्हणायचं? भल्या माणसानं इचारल्यावर बरी हायच म्हणायचं असतं.”

स्नेहलला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच आल्यामुळं तिनं आत्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. पेशी का दमते, हे विचारत जिनं एवढी वर्षं काढली, तिनं आत्याला एकदाही विचारलं नव्हतं. ती भेटायला यायची, डॉक्टरांचे कागद बघायची, गाठ लहान झाली म्हणून आनंदानं परत जायची. “दमलीस ना?” तिनं आता विचारलं.

“लय,” आत्या म्हणाली.

“तोंड सोललंय त्याला औषध आहे. मळमळीलाही आहे.”

“परत औषध?”

“हे खरंच आहे. दुकानात मिळतं.”

आत्या इतकी हसली की तिच्या डोक्यावरची कागदी टोपी घसरून केरबाच्या पायाशी पडली. सोमवारबद्दल मात्र ती काहीच बोलली नाही. स्नेहलनंही विचारलं नाही. विचारायची तिची छातीच झाली नाही.

सोमवारी सकाळी स्नेहल भाज्याला पोचली तेव्हा आत्या टपरीच्या फळकुटावर पिशवी घेऊन बसलेली होती. “उशीर केलास,” एवढंच म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे फाइल उघडली आणि नेहमीप्रमाणे विचारलं, “कशा आहात आजी?” आत्याचं तोंड सवयीनं उघडलं, आणि तसंच राहिलं. 

“बरी न्हाई,” आत्या म्हणाली. “लय दमलेय.”

एकदा बांध फुटल्यावर मग तिनं काही हातचं राखलं नाही. तोंड सांगितलं, भाकरीची चव सांगितली, बोटांना येणाऱ्या मुंग्या सांगितल्या, रात्री येणारं रडू सांगितलं. डॉक्टरांनी फाइल मिटली, खुर्ची पुढं ओढली आणि सगळं ऐकून घेतलं. “एवढे महिने का नाही सांगितलंत?” त्यांनी विचारलं, तर आत्या लाजली. त्यांनी मळमळीच्या गोळ्या बदलल्या, तोंडात लावायचं औषध दिलं, रक्ताचे रिपोर्ट बघून सुईचं प्रमाण थोडं उतरवलं. गाठ चाचपली आणि म्हणाले, आता ती बोटाला शोधावी लागते. त्या क्षणी स्नेहलला वाटलं, परवाचा फेटा आज डोक्यावर असता तर तिनं तो डॉक्टरांना बांधला असता.

सुई लागली. वॉर्डात रांगेनं खुर्च्या होत्या, प्रत्येक खुर्चीत कुणी ना कुणी बाटलीखाली बसलेलं. स्नेहल स्टूल ओढून आत्याजवळ बसली. थोड्या वेळानं आत्यानं डोळे उघडले.

“तू हितं काय करतीस?”

“बसलेय तुझ्याजवळ.”

“आन तिकडं त्या ताटल्यांकडं कोण बघतंय? ऊठ. एवढं बारकं टाकून आलीस व्हय? मला ते मोठं झाल्यालं बघायचंय. दहा वर्सं म्हणलीस ना? ऱ्हायला तर लागंल मला तवर. त्याच्यापायीच घेतेय ही सुई, उगं न्हाई.”

स्नेहल स्टुलावरून हलेना. आत्यानं मोकळ्या हातानं तिला ढकललं. “जा म्हणते ना. संध्याकाळी न्यायला ये.”

ती उठली आणि दारापर्यंत गेली. मागं शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं आत्याला विचारलं, ही कोण तुमची?

“भाची माझी,” आत्या सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “कॅन्सरवर औषध शोधती. अजून गावलं न्हाई.”